पडदा कुणाच्या ताब्यात

लिनक्सचा संगणक सुरू केल्यापासून लॉगिनची चौकट दिसेपर्यंत पडद्याचा ताबा चार-पाच हातांतून जातो. आधी मदरबोर्डवरचे फर्मवेअर उत्पादकाचे बोधचिन्ह दाखवते. मग ग्रब हा बूटलोडर आपली यादी मांडतो. यादीतली ओळ निवडली की कर्नल चढतो आणि फर्मवेअरने आयती लावून ठेवलेली पडद्याची मेमरी वापरून आपले संदेश लिहू लागतो. थोड्या वेळाने इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडियाच्या चिपचा खरा ड्रायव्हर येतो आणि आधीच्या तात्पुरत्या ड्रायव्हरला बाजूला सारतो. शेवटी डेस्कटॉप चालवणारा डिस्प्ले सर्व्हर येऊन त्या ड्रायव्हरकडून पडदा मागून घेतो. हे सगळे काही सेकंदांत उरकते. यातले एखादे हस्तांतर फसले, तरच आपले तिकडे लक्ष जाते: पडदा काळाठिक्कर, किंवा डाव्या कोपऱ्यात लुकलुकणारा कर्सर, किंवा ग्रबची शेवटची ओळ तशीच चिकटून राहिलेली.

अशा वेळी बहुतेकांचा पहिला समज असतो की संगणक बंद पडला. तसे क्वचितच असते. डिस्क चालू असते, नेटवर्क जागे झालेले असते, दुसऱ्या यंत्रावरून एसएसएच केले तर आत जाताही येते. घोळ एकाच गोष्टीचा असतो: या घडीला पडद्यावर लिहिण्याचा अधिकार कुणाकडे आहे, हे ठरलेले नसते. त्यातली खरी अडचण अशी की कोणत्याही बिघाडाचे कारण आपण ज्या कन्सोलवर वाचायला जातो, नेमका तोच कन्सोल इथे हरवलेला असतो. छपाईचा ड्रायव्हर बिघडला तर पडद्यावर त्रुटी दिसते. पडद्याचाच ड्रायव्हर बिघडला तर त्रुटी दाखवायची कुठे?

पुढच्या प्रकरणांत आज्ञा, फाइलींची नावे, कर्नलला द्यायचे पर्याय हे सगळे क्रमाने येईल. पण ती प्रकरणे नुसती पाठ करून भागत नाही, कारण दर दोन-तीन वर्षांनी त्यांतल्या निम्म्या आज्ञा शिळ्या होतात. टिकतो तो एक प्रश्न: पडदा आत्ता कुणाच्या ताब्यात आहे, आणि तो कुणाकडून कुणाकडे जायचा होता? हा प्रश्न विचारायची सवय लागली तर अनोळखी चिपवरचा, अनोळखी वितरणावरचा काळा पडदाही उलगडता येतो, असा माझा ठाम विश्वास आहे. तो प्रश्न कसा घडत गेला हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना जरा लांबवली आहे.

सुरुवात अगदी साध्या व्यवस्थेने झाली. आयबीएमने १९८७ साली पीएस/२ संगणकांबरोबर व्हीजीए आणले. त्याच्या टेक्स्ट मोडमध्ये पडदा म्हणजे ८० स्तंभ आणि २५ ओळी, एकूण २००० घरे. प्रत्येक घराला दोन बाइट: एक अक्षराचा, दुसरा रंगाचा. म्हणजे संपूर्ण पडदा ४००० बाइटांत मावतो. प्रोसेसरने ठरावीक पत्त्यावर अक्षराचा क्रमांक लिहिला की ते अक्षर रेखण्याचे काम कार्डातले हार्डवेअरच करते. ड्रायव्हर म्हणावा असा जवळजवळ नाहीच. हेलसिंकीत १९९१ साली लिनस टोरवाल्ड्सने ज्या छोट्या कार्यक्रमावर काम सुरू केले, तो विद्यापीठाच्या संगणकाशी मोडेमवरून बोलणारा टर्मिनल एम्युलेटर होता. एक प्रक्रिया कीबोर्डवरून वाचून मोडेमला देणार, दुसरी मोडेमवरून वाचून पडद्यावर लिहिणार. त्यातूनच पुढे लिनक्स कर्नल वाढला. त्यामुळे पडद्यावर लिहिणारा भाग कर्नलच्या पोटातच राहिला, आणि तो आजही तिथेच आहे. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबून आपण ज्या आभासी टर्मिनलवर जातो, ते त्याच भागाचे काम.

या टेक्स्ट मोडची एक मर्यादा मराठी वाचकाला विशेष जाणवते. व्हीजीएच्या अक्षरसंचात २५६ आकार बसतात. ताणून ५१२ करता येतात, पण त्यासाठी रंगाच्या बाइटमधला एक बिट द्यावा लागतो आणि अक्षरांचे रंग १६ वरून ८ वर येतात. शिवाय एका घरात एक आकार एवढेच त्याला समजते. मात्रा अक्षरावर चढवणे, ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी नेणे, जोडाक्षर घडवणे यांतले काहीही या व्यवस्थेत बसत नाही. डॉसच्या काळात पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट कार्ड दिले ते याच भिंतीला वळसा घालण्यासाठी. मुळात कानपूरच्या आयआयटीत विकसित झालेल्या या तंत्रज्ञानाने भारतीय लिपी रेखण्याचे काम वेगळ्या कार्डावर सोपवले, आणि इंग्रजीसाठी लिहिलेल्या डॉसच्या कार्यक्रमांत देवनागरी उमटू लागली. लिनक्सच्या मूळ कन्सोलला ही सोय कधीच मिळाली नाही. डेस्कटॉपवर सुरेख दिसणारी देवनागरी नावांची फाइल काळ्या कन्सोलवर चौकोनांची रांग होते. तो ड्रायव्हरचा झगडा नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे कुणी चौकोन पाहून ग्राफिक्स ड्रायव्हर उपसायला बसणार नाही. दुरुस्तीच्या वेळी संदेशांची भाषा तेवढ्यापुरती इंग्रजी करून घ्यावी.

झगडा सुरू झाला तो चित्रमय पडद्याबरोबर. एक्स सर्व्हर, आधी एक्सफ्री८६ आणि २००४ पासून एक्स डॉट ऑर्ग, हा कर्नलच्या बाहेर चालणारा कार्यक्रम. तरीही तो रूटचे अधिकार घेऊन थेट ग्राफिक्स कार्डाच्या रजिस्टरांवर लिहीत असे. म्हणजे एकाच हार्डवेअरचे दोन धनी: टेक्स्ट मोडसाठी कर्नल, चित्रांसाठी एक्स. दोघांनी एकमेकांच्या पायात येऊ नये म्हणून एक करार होता. एक्स कर्नलला सांगे, ‘हे टर्मिनल आता चित्रमय आहे, तू यावर काही रेखू नकोस.’ वापरकर्त्याने दुसऱ्या टर्मिनलवर जायची कळ दाबली की कर्नल एक्सला सिग्नल पाठवी. एक्सने कार्डाची स्थिती पूर्वीसारखी करून ‘सोडले’ असे उत्तर द्यायचे, मग कर्नल अक्षरे दाखवणार.

करार चांगला होता, पण तो पूर्णपणे एक्सच्या वागणुकीवर विसंबून होता. एक्स अडकला तर तो सिग्नलला उत्तर देईना, आणि कळा दाबून बोटे दुखली तरी टर्मिनल बदलत नसे. एक्स कोसळला तर कार्ड चित्रमय स्थितीतच राही. कर्नल इमानेइतबारे टेक्स्टच्या पत्त्यावर अक्षरे लिहीत असे आणि ती कुणालाच दिसत नसत. आधीची स्थिती परत आणताना एखादे रजिस्टर चुकले की टेक्स्टच्या जागी रंगीत पट्टे किंवा तुटक्या अक्षरांचा कचरा दिसे. सर्वांत वाईट म्हणजे, डेस्कटॉप चालू असताना कर्नलच कोलमडला तर त्याचा अखेरचा संदेश दाखवायला जागाच नसे. चित्र गोठून जाई, एवढेच. वर्षानुवर्षे लिनक्सवरच्या कित्येक बिघाडांची कारणे अशी न वाचता गेली. हे नुकसान मोजता येत नाही, पण ते मोठे होते असे मला वाटते. ‘लिनक्स कधीकधी उगाच हँग होतो’ या तक्रारीतले ‘उगाच’ बरेचसे इथून आले. त्या काळातली ऑल्ट, सिसआरक्यू आणि आर ही तिकडी आजही लक्षात ठेवावी: कीबोर्ड अडकलेल्या डिस्प्ले सर्व्हरच्या हातून काढून कर्नलकडे परत देणारी ती कळ आहे. वितरणाने ती बंद ठेवलेली असू शकते, म्हणून आधीच तपासलेली बरी.

फ्रेमबफरची कल्पना वेगळ्या घरातून आली. अमिगा आणि अटारी या मोटोरोला ६८००० घराण्यातल्या संगणकांवर लिनक्स नेला गेला, तेव्हा तिथे टेक्स्ट मोड नावाची गोष्टच नव्हती. अक्षरेसुद्धा ठिपक्या-ठिपक्यांनीच रेखावी लागत. म्हणून कर्नलमध्ये असा थर आला की ज्याला पडदा म्हणजे ठिपक्यांचा एक सलग पट्टा दिसतो, आणि त्यावर कर्नल स्वतः अक्षरे काढतो. जानेवारी १९९९ मध्ये आलेल्या २.२ आवृत्तीत तो पीसीसाठीही खुला झाला. बूट होताना वरच्या डाव्या कोपऱ्यात बसलेला पेंग्विन, प्रत्येक प्रोसेसरमागे एक, हे त्याचे कौतुकाचे रूप. ग्रबच्या ओळीत ‘व्हीजीए बरोबर ७९१’ असे लिहून १०२४ गुणिले ७६८ चा पडदा मिळवणाऱ्यांची एक पिढी आपल्याकडेही झाली. पण त्यातला व्हेसाचा ड्रायव्हर फक्त बायोसने लावून दिलेली स्थिती वापरत असे. एकदा बूट झाल्यावर रिझोल्यूशन बदलणे त्याच्या हाती नव्हते. आणि आता एकाच कार्डावर हक्क सांगणारे तीन झाले: टेक्स्ट मोड, फ्रेमबफर आणि एक्स. एनव्हिडियाचा बंदिस्त ड्रायव्हर तर अनेक वर्षे आपल्या नोंदींत स्वच्छ बजावत असे की प्राथमिक कार्डावर साधा व्हीजीए टेक्स्ट कन्सोलच हवा, व्हेसासारखा दुसरा कन्सोल ड्रायव्हर असेल तर पडदा बिघडू शकतो आणि त्याला आधार दिला जाणार नाही. ही सूचना ज्यांनी वाचली त्यांचे तास वाचले. पण ती ज्या लॉगमध्ये असे तिथपर्यंत पोचायला चालता कन्सोल लागे.

या गोंधळाला खरे उत्तर मिळाले मार्च २००९ मध्ये, २.६.२९ आवृत्तीत. पडद्याचे रिझोल्यूशन, रिफ्रेश दर, कोणत्या जोडणीवर चित्र पाठवायचे हे सगळे ठरवण्याचे काम एक्सकडून काढून कर्नलकडे आणले गेले. यालाच कर्नल मोडसेटिंग म्हणतात. इंटेलचे जेसी बार्न्स आणि रेड हॅटचे डेव्ह एअरली यांचे त्यातले काम मोठे. इंटेलच्या चिपपासून सुरुवात झाली, त्याच वर्षी रेडिऑनची चिप आली, आणि २०१० च्या फेब्रुवारीत २.६.३३ बरोबर एनव्हिडियासाठी स्वयंसेवकांनी उलगडून लिहिलेला नूवो हा ड्रायव्हरही कर्नलमध्ये दाखल झाला. आता कार्डाचा धनी एकच, कर्नलमधला ग्राफिक्सचा डीआरएम ड्रायव्हर. कन्सोल त्याच्याकडे पडदा मागतो, एक्स किंवा वेलँडचा डिस्प्ले सर्व्हर त्याच्याकडेच मागतो. टर्मिनल बदलताना रजिस्टर जपून ठेवायची आणि परत मांडायची कसरत संपली. लिनक्सच्या पडद्याच्या इतिहासात इतका न्याय्य बदल दुसरा झालेला नाही, असे मी मानतो. ज्या वापरकर्त्याने ‘मोडसेटिंग’ हा शब्दही ऐकलेला नाही त्याचे रोजचे हाल या बदलाने कमी केले.

तरी काळा पडदा उरलाच. कारण धनी एक झाला तरी तो जन्मापासून हजर नसतो. कर्नल चढला की लगेच काहीतरी दाखवायला हवे, आणि त्या वेळी चिपचा खरा ड्रायव्हर अजून डिस्कवरून वाचला गेलेला नसतो. मधल्या काळासाठी फर्मवेअरने लावलेली मेमरी वापरणारा साधा ड्रायव्हर पडदा सांभाळतो: यूईएफआयच्या यंत्रांवर ईएफआयएफबी, आणि २०२१ च्या ५.१४ आवृत्तीपासून, सूझेच्या थॉमस झिमरमन यांनी लिहिलेला सिंपलडीआरएम. खरा ड्रायव्हर आला की त्याने या तात्पुरत्या राखणदाराला हटवायचे असते. हे हटवणे कर्नलच्या लॉगमध्ये लेखी उमटते. चालत्या यंत्रावर डीमेसेज चालवून पाहा: आधी कन्सोल ८० गुणिले २५ च्या ‘डमी’ उपकरणावर गेल्याची नोंद दिसेल, म्हणजे त्या क्षणी तो कुठेच लिहीत नाही, आणि लगेच २४० गुणिले ६७ च्या रंगीत फ्रेमबफरवर आल्याची. १९२० ठिपके रुंद पडद्यावर ८ ठिपके रुंद अक्षर म्हणजे २४० स्तंभ. १०८० ठिपके उंचीवर १६ ठिपक्यांची ओळ म्हणजे ६७ ओळी आणि वर अर्धी. ज्याने जमिनीचे व्यवहार पाहिले आहेत त्याला यात सातबाऱ्यावरचा फेरफार ओळखू येईल: जुने नाव कमी झाले, नवे लागले, आणि दोन्हींच्या मध्ये एक क्षण असा की नोंद कुणाच्याच नावे नाही. काळे पडदे बहुतांशी त्याच क्षणात अडकलेले असतात.

एक उदाहरण घेऊ. एएमडीच्या चिपला चालण्यासाठी स्वतंत्र फर्मवेअर फाइली लागतात. नवीन कार्ड आणि जुने वितरण अशी जोडी जमली की त्या फाइली डिस्कवर नसतात. पूर्वी ड्रायव्हर आधी तात्पुरत्या राखणदाराला हटवी, मग फाइली शोधी, त्या सापडल्या नाहीत की माघार घेई. तोवर राखणदार गेलेला, नवा धनी आलेला नाही, पडदा बेवारस. पुढे ड्रायव्हरच्या विकासकांनी क्रम बदलला: आधी फाइली हाताशी आहेत का ते पाहायचे, मगच आधीच्याला हटवायचे. कोडमधला बदल फार मोठा नव्हता, पण त्यामुळे नव्या कार्डवाल्यांना निदान ‘फर्मवेअर सापडले नाही’ ही ओळ तरी वाचता येऊ लागली.

एनव्हिडियाकडे या पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग जातो, आणि ते अपरिहार्य आहे. त्यांचा बंदिस्त ड्रायव्हर कर्नलबाहेर वाढला. कर्नल मोडसेटिंग येऊन सात वर्षे झाल्यावर, २०१६ साली ३६४ या मालिकेत, त्याने ती पद्धत पत्करली, तीही वापरकर्त्याने मॉड्यूलला वेगळा पर्याय दिला तरच. तेव्हाही आपला फ्रेमबफर कन्सोल तो देत नव्हता; कन्सोल फर्मवेअरच्या मेमरीवरच चाले. ती सोय प्रायोगिक म्हणून आली २०२३ च्या ५४५ मालिकेत. म्हणून मधल्या वर्षांत एक विचित्र दृश्य नेहमीचे होते: डेस्कटॉप उत्तम, खेळ उत्तम, पण कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबले की काळोख किंवा गोठलेले चित्र. वापरकर्त्याला वाटे लॉगिनच बिघडले. प्रत्यक्षात लॉगिनची ओळ तयार असे, आंधळेपणाने नाव आणि पासवर्ड टाइप केले तर आज्ञाही चालत.

त्याहून जास्त माणसे अडकतात ती नूवो आणि बंदिस्त ड्रायव्हर यांच्या टकरीत. एका कार्डाला एका वेळी एकच ड्रायव्हर बांधता येतो. कर्नलसोबत येणारा नूवो आधी पोचला तर एनव्हिडियाचे मॉड्यूल चढत नाही. म्हणून मोडप्रोबच्या फाइलीत नूवोला काळ्या यादीत टाकायचे. इथपर्यंत सगळे सांगतात. पुढच्या दोन गोष्टी कमी लोक सांगतात. पहिली: बूटच्या सुरुवातीला मुख्य डिस्क उघडण्याआधी इनिटरामएफएस नावाची छोटी फाइलव्यवस्था चालते आणि तिच्यात नूवोची आणि जुन्या यादीची स्वतंत्र प्रत असते. ती पुन्हा बांधली नाही तर काळी यादी वाचली जाण्याआधीच नूवो कार्ड धरून बसतो. दुसरी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची: काळी यादी कायम राहते, ड्रायव्हर राहीलच असे नाही. कर्नलचे अद्यतन येते. एनव्हिडियाचे मॉड्यूल नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधायचे काम डीकेएमएस करतो. कर्नलच्या हेडर फाइली नसतील, कंपायलर जुळत नसेल, तर बांधणी फसते आणि त्याची तक्रार अद्यतनाच्या लांबलचक मजकुरात हरवते. किंवा बांधणी होते, पण सिक्युअर बूट चालू असल्यामुळे सही नसलेले मॉड्यूल कर्नल नाकारतो. पुढच्या बूटला नवा ड्रायव्हर नाही, आणि नूवोला तर आपणच दार बंद केलेले. ‘काल चालू होता, आज काळा’ या प्रकारातल्या तक्रारींची सुरुवात इथून तपासावी. ग्रबच्या प्रगत यादीतून आधीचा कर्नल निवडला आणि पडदा आला, तर निदान झालेच.

यात दोष कुणाचा, यावर पुष्कळ राग व्यक्त झाला आहे. मला तो समजतो. नूवोच्या कार्यकर्त्यांनी कागदपत्रांशिवाय, चिपचे वागणे निरखून ड्रायव्हर उभा केला, आणि जीफोर्स ९०० मालिकेपासून कंपनीने सही केलेल्या फर्मवेअरची अट आल्यावर त्यांना कार्डाचा वेगही नीट बदलता येईना. त्या माणसांच्या चिकाटीचा आदर केल्याशिवाय पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने आपली कर्नल मॉड्यूल खुली केली, आणि २०२४ च्या ६.७ आवृत्तीपासून नूवो नव्या चिपवर कंपनीचेच जीएसपी फर्मवेअर वापरू लागला. दिशा बदलते आहे. पण प्रयोगशाळेतले, कार्यालयातले, घरातले दहा वर्षांपूर्वीचे कार्ड त्या बदलात बसत नाही, आणि आपल्याकडे यंत्रे दीर्घकाळ वापरली जातात. म्हणून जुन्या कार्डांची प्रकरणे मी गाळलेली नाहीत.

‘नोमोडसेट’ या पर्यायाबद्दल इथेच बोलतो, कारण तो औषध म्हणून सर्रास वाटला जातो. ग्रबमध्ये ई दाबून कर्नलच्या ओळीच्या शेवटी हा शब्द जोडला की चिपचे खास ड्रायव्हर बाजूला राहतात आणि फर्मवेअरने लावलेला पडदाच पुढे चालतो. अडकलेल्या यंत्रात शिरण्यासाठी हा उत्तम मार्ग आहे. तो चालला, तर दोष चिपच्या ड्रायव्हरच्या हस्तांतरात आहे हेही कळते. पण तो कायमचा लिहून ठेवला की यंत्र कायम तात्पुरत्या राखणदारावर चालते: बाहेरचा मॉनिटर ओळखला जात नाही, व्हिडिओ अडखळतो, प्रोसेसर तापतो. असे कित्येक लॅपटॉप ‘लिनक्सवर स्लो चालतात’ म्हणून बदनाम होतात. आत शिरा, कारण शोधा, आणि बाहेर पडताना तो शब्द काढा.

दोन चिप असलेल्या लॅपटॉपवर प्रश्नाला आणखी एक पदर आहे. आतला पडदा इंटेल किंवा एएमडीच्या अंगभूत चिपला जोडलेला आणि एचडीएमआयचे भोक एनव्हिडियाला, अशी मांडणी सर्रास असते. कन्सोल एका चिपवर छान लिहीत असतो आणि आपण दुसऱ्या चिपला जोडलेल्या मॉनिटरकडे पाहत बसतो. इथे ड्रायव्हर बदलण्याआधी केबल दुसऱ्या भोकात घालून पाहावी. त्याचा तपशील वेगळ्या प्रकरणात आहे.

एका गोष्टीबद्दल मला काळजी वाटते आणि ती स्पष्ट लिहिली पाहिजे. गेल्या दशकात बूटचा पडदा देखणा करण्यावर पुष्कळ मेहनत झाली. २०१८ च्या ४.१९ आवृत्तीत अशी सोय आली की मजकूर खरोखर येईपर्यंत फ्रेमबफर कन्सोल पडदा घेतच नाही, म्हणजे उत्पादकाचे बोधचिन्ह न लुकलुकता डेस्कटॉपपर्यंत टिकते. दिसायला हे सुंदर आहे. पण ‘क्वाएट’ आणि ‘स्प्लॅश’ हे शब्द कर्नलच्या ओळीत असताना यंत्र अडकले, तर ते बोधचिन्ह आपल्याला काहीच सांगत नाही. त्याच सुमारास, २०२० च्या ५.९ आवृत्तीत, शिफ्ट आणि पेज-अप दाबून वर सरकलेला मजकूर पाहण्याची जुनी सोय कन्सोलमधून काढून टाकली गेली. त्या कोडमध्ये सुरक्षेच्या चुका होत्या आणि तो सांभाळायला कुणी पुढे येत नव्हते. निर्णयाचे कारण मला पटते, तरी त्याची किंमत बूटचा मजकूर पडद्यावरून वाचणाऱ्यानेच मोजली. म्हणून या पुस्तकात मी पहिल्याच धड्यात ते दोन्ही शब्द काढायला सांगतो, आणि मागच्या बूटचा मजकूर जर्नलमधून कसा काढायचा ते शिकवतो.

उलट दिशेचे कामही झाले आहे. जुलै २०२४ च्या ६.१० आवृत्तीत रेड हॅटच्या जोसेलिन फालेंप यांचे डीआरएम पॅनिक आले. डेस्कटॉप चालू असताना कर्नल कोलमडला तर आता डीआरएम ड्रायव्हर स्वतः पडदा हाती घेऊन संदेश दाखवू शकतो, आणि ६.१२ पासून तो क्यूआर कोडच्या रूपातही देऊ शकतो. फोनने कोड टिपला की मजकूर हाती. सगळ्या ड्रायव्हरांना हे अजून येत नाही, वितरणाने ते चालू केलेले असावे लागते. पण एक्सच्या काळात जो शेवटचा संदेश न वाचता जात असे, त्याला पंधरा वर्षांच्या फेरफारानंतर जागा मिळाली.

पुस्तक वाचण्याचा क्रम असा ठेवावा. ज्याचे यंत्र आत्ता काळे पडलेले आहे त्याने ही पाने नंतर वाचावीत आणि थेट तिसऱ्या प्रकरणात जावे: दुसऱ्या यंत्रावरून एसएसएच, ते नसेल तर ग्रबमधून मल्टी-युजर लक्ष्यावर बूट, तेही नसेल तर नोमोडसेट. ज्याचे यंत्र ठीक आहे त्याने आजच दोन कामे करावीत. एसएसएच सेवा चालू करून दुसऱ्या यंत्रावरून एकदा आत जाऊन पाहावे. आणि पडदा चालू असतानाच डीमेसेजमधल्या कन्सोलच्या, फ्रेमबफरच्या आणि डीआरएमच्या ओळी एका फाइलीत उतरवून, ती फाइल दुसऱ्या यंत्रावर ठेवावी. पुढे कधी बिघाड झाला तर त्या वेळच्या ओळी तिच्याशेजारी ठेवायच्या. साखळी कुठल्या ओळीवर तुटली ते दिसेल, आणि त्या ओळीवर ज्या ड्रायव्हरचे नाव असेल त्याचे प्रकरण उघडायचे.